तरवडाचा राखणदार

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक रिकामा प्लॉट आहे. त्याच्या कडेला तरवडाचं एक झुडूप होतं, आणि म्हस्के काका त्याची राखण करायचे. राखण म्हणजे लांबून लक्ष ठेवणं नव्हे. डोक्याला रुमाल, हातात काठी, गळ्यात शिट्टी, असे शेजारी उभे राहून. येणारा-जाणारा विचारायचा, "काका, काय राखताय?" काका झुडपाकडं काठी करून म्हणायचे, "शेळ्या येत्यात. शेळ्यांचा भरवसा नाय."

ज्याला तरवड ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. हे माळावरचं, बांधावरचं झुडूप. कमरेएवढं, फार तर डोक्याएवढं. चिंचेसारखी पण जरा मोठी पानं आणि पिवळीधमक फुलं. उन्हाळ्यात सगळा माळ करपून जातो तेव्हाही हे आपलं हिरवं. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि जनावर तोंड लावत नाही. गाय नाही, म्हैस नाही, आणि जिला जुनं वर्तमानपत्रही चालतं ती शेळीसुद्धा तरवडाला बगल देऊन जाते. मी वैजापूरकडच्या खेड्यात वाढले. शेळीनं खाल्लेला तरवड मी जन्मात पाहिलेला नाही, आणि तसं मी काकांना तोंडावर सांगितलं.

"तसं काय नाय मॅडम, खरंय तुमचं," काका म्हणाले. "पण एखादी असती. एखादीच घात करती."

ही "एखादी" काकांच्या मानगुटीवर जन्मभर बसलेली. वाळूजच्या एका कंपनीत ते इन्स्पेक्शनला होते. समोर आलेला नग उचलायचा, मापायचा, फिरवून बघायचा आणि बरोबर असला तर पुढं सोडायचा. "सगळे नग बरोबर असत्यात मॅडम, एखादाच वाकडा असतो. आन् तो नजरेतून निसटला की कोणाची तरी गाडी घाटात थांबती." काका रिटायर झाले, नग यायचे थांबले, पण तपासणारा हात थांबला नाही. मग त्यांनी आमची कॉलनी तपासायला घेतली.

कुणाच्याही फाटकातून आत शिरताना काका आधी कडी हलवून बघणार. खुर्चीचा पाय दाबून मग बसणार. चहा होईपर्यंत गॅसच्या नळीवरून बोट फिरवून ते नाकाशी नेणार. एकदा शाळेच्या घाईत मी खाली उतरले, तर काका माझ्या स्कुटीपाशी उकिडवे बसून मागचं टायर चेपत होते. म्हटलं, "काका, उशीर होतोय." तर म्हणाले, "उशीर झाला तर हेडमास्तर बोलंल, तेवढंच. हवा कमी आसंल तर बोलायला कोणी राहत नाय."

गारखेड्यातल्या एका लग्नात ते मांडवाचा एकेक खांब हलवून बघत होते. नवरीच्या मामाला वाटलं, हा मांडववाल्याचाच माणूस. त्यानं फर्मावलं, "ओ, तो पंखा जरा इकडं फिरवा." काकांनी फिरवला. फिरवल्यावर त्याची पिन बघितली, वायर चिकटपट्टीनं गुंडाळली, आणि पंगती उठल्या तरी ते पंख्यापाशीच उभे. मला म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या मॅडम. ह्याचा भरवसा नाय."

खरं सांगायचं तर मला त्यांचा वैताग यायचा. काळजीचीही लागण होते. त्यांच्याशी चार शब्द बोलून वर आले की मीही गॅसचं बटण पुन्हा बघायची, कुलूप ओढून बघायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

तरवड आल्यापासून तर मी त्या झाडाची डॉक्टर झाले. मी शाळेत मराठी शिकवते. पण काकांच्या हिशेबी शाळेतल्या मॅडमला सगळं येतं. मला जिन्यात गाठायचे, रुमालाची घडी उलगडायचे आणि आतलं पान पुढं करायचे. "मॅडम, हा ठिपका कामून आला आसंल?" एकदा मी तो ठिपका नखानं खरवडला, तर निघाला चहाचा. काकांना हायसं वाटलं, पण पुरतं नाही. चहा तरी पानावर कुणी सांडला, ही त्यांची पुढची काळजी.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही, ती म्हणजे शेळ्यांची वेळ. एका आठवड्यात काका भर दुपारी उन्हात उभे. का, तर ह्या टायमाला शेळ्या येत्यात. पुढच्या आठवड्यात दुपारी झुडूप बेवारशी, आणि काका जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन हजर. "रात्रीच्या येतात शेळ्या?" तर म्हणे, "लबाड झाल्यात मॅडम." त्याच्या पुढच्या आठवड्यात सकाळी, मी दूध आणायला उतरते तेव्हा. आमच्या पुंडलिकनगरात मुळात शेळ्या आहेत किती? मागच्या गल्लीत एक आजीबाई दोन पाळतात. त्या दोघी इतक्या धोरणी असतील असं मला काही वाटेना.

मागच्या नवरात्रात मजा झाली. घटावर रोज एक माळ चढते आणि आमच्याकडं त्यात तरवडाच्या फुलांचा मान असतो. झेंडू बाजारात मिळतो, तरवड माळावर जाऊन आणावा लागतो. तो इथं दारात फुललेला. घटस्थापनेला सकाळीच कॉलनीतल्या बायका ताटं घेऊन कोपऱ्यावर. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. देवीला नाही म्हणायची सोय नाही आणि बायकांना फांद्या ओढू द्यायच्या नाहीत. शेवटी ते स्वतःच फुलं तोडायला लागले. एकेक फूल देठाशी दोन बोटांत धरायचं, फिरवून बघायचं, मग ताटात टाकायचं. एखाद्याची पाकळी कुरतडलेली दिसली की ते बाजूला.

"काका, देवी काय माप घेऊन बसलीय का?" पवार वहिनी ओरडल्या. ह्या वहिनी आमच्या गल्लीचं तोंड. गल्लीच्या मनात असलेलं त्या मोठ्यानं बोलतात.

"वहिनी, आजच ओरबाडलं तर अष्टमीला काय घालता?" काका म्हणाले, आणि बायका निमूट रांगेत उभ्या राहिल्या.

आता पाण्याचं सांगते. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं आलं तरी आम्ही एकमेकींना फोन करून आनंद वाटतो. ड्रम, हंडे, पातेली, सगळं भरायचं आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायचं. अशा गावात काका तरवडाला रोज बादलीभर पाणी घालायचे. ते आंघोळीतून वाचवतात असं सिंधूकाकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, म्हणायच्या, आणि काकांच्या शेजारी उभं राहिलं की ते पटायचं. पण झाडाला ते सोसेना. पानं पिवळी पडून गळायला लागली. काका घाबरले, त्यांनी दोन बादल्या सुरू केल्या.

मी ओरडलेच. "काका, ह्याला दुष्काळ चालतो, लाड चालत नाहीत. काळजीनं मारताय तुम्ही त्याला!"

काकांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "आमचा अमोल बी असंच म्हणतो."

अमोल त्यांचा एकुलता एक मुलगा. तोही वाळूजलाच, मशीन शॉपला. मोटारसायकलवर जातो-येतो. मान खाली घालून चालणारा, कमी बोलणारा पोरगा. झाडाच्या पाण्याबद्दल तो काय म्हणाला असेल, ते मी तेव्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बादली बंद झाली आणि तरवड पुन्हा सावरला.

ह्या वर्षी गौरी उठल्या आणि नव्या पाइपलाइनचं काम आमच्या गल्लीत येऊन ठेपलं. आम्हाला केवढा आनंद! पवार वहिनींनी तर खोदणाऱ्यांना चहा नेऊन दिला. माणसांनी येऊन रस्त्याच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ मारली. उद्या-परवा जेसीबी येणार आणि ह्या रेघेवर चर खणणार. रेघ सरळ गेली ती तरवडाच्या बुडातून. तरवड त्या वेळी कळ्यांनी नुसता लगडला होता.

काका कामावरच्या सुपरवायझरकडं गेले. कोवळा पोरगा होता तो. "साहेब, दोन फूट अलीकडं घेतली तर?"

"काका, सगळी गल्ली पाण्यासाठी बोंबलतीय आन् तुम्ही एका जंगली झाडासाठी लाईन वाकवा म्हणताय?"

"तसं काय नाय साहेब, पाणी पाहिजेच. पण…" ह्या पणच्या पुढं काकांना काही सांगता येईना. ते माझ्याकडं आले. झाड मुळासकट काढून दुसरीकडं लावता येईल का, असं विचारायला लागले. मोठ्या तरवडाचं मूळ किती खोल जातं ते मी गावाकडं पाहिलंय, बांध साफ करताना पहार वाकते पण मूळ सुटत नाही. ते उपटलं की मेलंच. मी तसं सांगितलं. काका माझ्या जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली.

मला राहवलं नाही. मी तडक सिंधूकाकूंकडं गेले. काकू मेथी निवडत होत्या. म्हटलं, "काकू, एका झुडपासाठी एवढं? तब्येतीवर जाईल हो त्यांच्या."

काकूंनी माझ्यापुढं अर्धी जुडी सारली आणि म्हणाल्या, "तुम्हाला खरंच वाटलं व्हय, ते झाडासाठी उभे राहत्यात?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. दोन पावसाळ्यांमागं अमोल वाळूज रोडला गाडीवरून पडला होता. हात मोडला, तो जुळलाही. "पण तवापासून ह्यांचा जीव थाऱ्यावर नाय. शिफ्ट सुटायच्या टायमाला कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. पोरगं आलं की आधी हात बघायचे, गुडघे बघायचे, मंग गाडी. संगटची पोरं हसायला लागली. 'अम्या, झालं का तुझं इन्स्पेक्शन?' म्हणून. अमोल लई भडकला. म्हणला, मी काय नग आहे का? उद्यापासून माझी वाट बघत रस्त्यात उभं राहायचं नाय, सांगून ठेवतो."

"मग?"

"मंग नाय राहिले. शब्दाचे पक्के. फोन करावा, तर गाडीवर आसताना वाजला आन् पोरानं खिशात हात घातला तर? म्हणून फोन बी नाय. घरातल्या घरात चकरा मारायचे. मंग एक दिवस म्हणले, कोपऱ्यावर तरवड आलाय, शेळ्या खातील. मी म्हणलं, जा बाबा."

"आणि अमोलला कळत नाही?"

"काय म्हाईत. बापलेक बोलत्यात कुठं? तो कोपऱ्यावरून वळतो, हे झाडाकडं तोंड करून उभे. तो आत आला की जराशानं हे येत्यात, आज शेळ्या नाय आल्या म्हणत."

माझ्या हातात मेथीची काडी तशीच राहिली. दुपारच्या शेळ्या, रात्रीच्या शेळ्या, सकाळच्या शेळ्या, सगळ्या माझ्या डोळ्यांसमोरून ओळीनं गेल्या. फर्स्ट शिफ्ट, सेकंड, थर्ड. मला हसू आलं. म्हस्क्यांच्या घरातून कोपरा दिसत नाही, मध्ये आमची इमारत आडवी आहे. बिनकामाचं उभं राहावं तर पोराला दिलेला शब्द मोडतो. झाड गेलं की काकांना त्या कोपऱ्यावर काही कामच उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत गर्दी. फक्कीची रेघ सरळ येत होती, तरवडापाशी आली की मोठा वळसा घेऊन पलीकडून जात होती आणि पुन्हा सरळ. वळसा इतका सुबक, की कंपासनं काढल्यासारखा. झाडाच्या बुडाची जुनी फक्की झाडून साफ केलेली. सगळं बरोबर होतं, फक्त काकांनी काकूंच्या डब्यातली रांगोळी वापरली होती, आणि काकूंची रांगोळी चमकीची. बाकी रेघ मळकट आणि हा तुकडा उन्हात लखलख करणारा. आयुष्यभर दुसऱ्याचे वाकडे नग धरलेला माणूस, पण त्याला स्वतःला एक लबाडी धड करता आली नाही.

"ही रेघ कोणी वाकवली?" सुपरवायझरनं विचारलं.

काका काठीकडं बघत उभे. शेवटी पवार वहिनी म्हणाल्या, "शेळ्यांनी."

गल्ली हसली, तो पोरगाही हसला. पण पाइपाला वळसा चालत नव्हता. तो वाईट वाटून म्हणाला, "काका, माझ्या हातात नाय हो," आणि जेसीबीवाल्याला हात केला. काका पुढं झाले. मला वाटलं आता आडवे पडतात की काय. पण ते त्या ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "हळू घे बाबा." त्यानं खरंच हळू घेतलं. तरवड कळ्यांसकट कलला आणि मातीच्या ढिगाऱ्यावर जाऊन पडला.

चर खणला, पाइप टाकला, माती लोटली. काका घरात बसले. माझ्या गॅलरीतून कोपरा सरळ दिसतो, म्हणून मी निरोप दिला, "गॅलरीचं ग्रिल हलतंय, दुपारी येऊन जरा बघाल का?" आले. ग्रिल हलवून बघितलं, पक्कं होतं. माझ्याकडं बघितलं, सगळं समजले, आणि कोपऱ्याकडं पाठ करून म्हणाले, "चांगलं आहे मॅडम. येतो." उगीच मी हा उद्योग केला असं मला झालं. काकू सांगायच्या, शिफ्ट सुटायची वेळ झाली की ते मोरीच्या खिडकीशी उभे राहून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकतात. एकेक आवाज गेला की पुटपुटतात, "हा नाय. हा बी नाय." जेवण निम्म्यावर आलं होतं त्यांचं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी शाळेतून येऊन मी स्कुटी लावत होते. अमोलची गाडी कोपऱ्यावर थांबलेली दिसली. तो खाली बसून, जिथं झुडूप होतं त्याच्या जरा अलीकडं, मोठ्या स्क्रूड्रायव्हरनं जमीन उकरत होता. शेजारी ओल्या पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं पोतं उलगडलं, आतलं रोप मातीच्या गोळ्यासकट खड्ड्यात बसवलं, आणि घराच्या दिशेनं हाक मारली, "पप्पा! बाहेर या जरा."

काका अनवाणीच पळत आले. आधी त्यांनी अमोलचे हात बघितले, मग गुडघे. रस्त्यावर, लोकांसमोर. अमोलनं मुकाट्यानं बघू दिलं.

"पडलास का?"

"नाय पडलो. तरवड आणलाय. कंपनीच्या मागं माळावर लई आहेत. हे बारकं होतं, मूळ अख्खं आलं."

रोप वीतभर होतं. पानं मिटून घेतलेली, मान टाकलेली. काका खाली वाकले, पण हात लावायचं धाडस त्यांना होईना.

"जगंल का रे?"

"सांगता येत नाय. उपटून लावलेलं लवकर धरत नाय म्हणत्यात. कोणीतरी उभं राहावं लागंल." अमोल मान वर न करता माती दाबत होता. "दुपारचं. ह्या हप्त्यात मला फर्स्ट आहे. सोमवारी शिफ्ट बदलली की तुम्हाला टाइम सांगतो."

काका नुसतं "व्हय" म्हणाले.

अमोल हात झटकून उठला आणि गाडी ढकलत घरी गेला. मी मान फिरवून स्कुटीच्या डिकीत उगाच काहीतरी शोधत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

वर जाऊन चहा घेतला, गॅलरीत आले, तरी काका तिथंच उभे. वाळूजहून परतणारी पोरं एक-एक करून कोपऱ्यावरून वळत होती. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"चला आता आत," त्या म्हणाल्या. "आला ना तो."

"आपला आला," काका म्हणाले. "बाकीच्यांची येऊ दे."